एक नळ, आठ घागरी

जून महिना लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या श्यामनगर, बाबानगर भागात रूम शोधणाऱ्यांची गर्दी होते. खेड्यातून आलेला बाप, त्याच्यामागे दहावी झालेले लेकरू, गादीची वळकटी, एक पेटी, आणि भिंतीभिंतीवर 'रूम भाड्याने देणे आहे' अशा पाट्या. पूर्वी त्या पाटीवर पाणी आणि लाईट एवढे दोनच शब्द असत. आता तिसरा शब्द आला आहे, वायफाय. बाप पाण्याची चौकशी करतो, लेकरू वायफायची. मालक दोघांनाही एकच उत्तर देतो, "चोवीस तास आहे." मग ऑगस्ट उजाडतो आणि दोन्ही बाबतींतले खरे काय ते कळते.

एका रूममध्ये चार जण, मजल्यावर आठ ते बारा जण आणि सगळ्यांत मिळून इंटरनेटचे एकच कनेक्शन, हा आजचा रिवाज आहे. रात्री मेसचा डबा खाऊन झाला की सगळेच मोबाईल उघडून बसतात. कुणाचा फिजिक्सचा तास, कुणाची ऑनलाईन टेस्ट, कुणाचा घरी व्हिडिओ कॉल, कुणाची क्रिकेटची मॅच. थोड्याच वेळात पडद्यावरचे ते गोल चक्र फिरायला लागते. मग सुरू होते, "तू बंद कर आधी", "मी का बंद करू, मी पण पैसे भरलेत." नीट, जेईई आणि सीईटीच्या अभ्यासाला आलेली लेकरे राउटरपाशी भांडू लागतात. काही ठिकाणी पासवर्ड बदलला जातो, काही ठिकाणी अबोला होतो, आणि काही ठिकाणी एखादा मुलगा वर्षाच्या मध्येच रूम सोडून जातो.

वाचकहो, ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण आमच्या घरातल्या लेकरांसाठी ती किरकोळ नाही. आडनाव विचारून झाल्यावर "रूम कालच गेली" हे उत्तर आमच्यातल्या किती जणांनी ऐकले आहे ते ज्याचे त्याला ठाऊक. शासकीय वसतिगृहातल्या जागा मोजक्या असतात. तिथे नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, पण तिचा हप्ता हाती येईपर्यंत भाडे कुठूनतरी भरावेच लागते. एवढ्या खटपटीने मिळालेली रूम, जमलेली मेस आणि जुळलेले सोबती एका वायफायपायी सुटावेत, हे आम्हास परवडणारे नाही. शिवाय आज अभ्यासाचे सोडाच, शिष्यवृत्तीचा अर्जसुद्धा महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. नेट अडले की फॉर्म अडतो आणि फॉर्म अडला की वर्ष अडते. म्हणून या सदरात आज आम्ही हा विषय घेत आहोत.

लातूरकरांना वाटून घेणे शिकवायची गरज नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात या शहराने जे पाहिले ते सगळ्या देशाने पाहिले. मार्च महिन्यात पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावावे लागले. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिण्यांची पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्यात ५ लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिण्यांची गाडी येऊ लागली. त्या दिवसांत गल्लीगल्लीत लोकांनी स्वतःच नियम केले. घागरी रांगेत, एका घराला एवढेच हंडे, बाळंतीण किंवा आजारी माणूस असलेल्या घराला आधी. ज्या गल्लीत नियम होता तिथे थोडे पाणी पुरले आणि जिथे दांडगाई होती तिथे पुष्कळ असूनही उरले नाही. इंटरनेटचे अगदी तसेच आहे. एक नळ आहे आणि आठ घागरी आहेत. नळाची धार किती, घागर केवढी आणि रांग कुणाची, एवढ्या तीन गोष्टी समजल्या की निम्मे भांडण मिटते.

आधी धार मोजू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा साध्या टेलिफोनच्या तारेवरून ९.६ केबीपीएस एवढा वेग मिळत असे. आज रूमवरच्या कनेक्शनचा वेग समजा ४० एमबीपीएस आहे, म्हणजे तेव्हाच्या चार हजारपट. तरीही पुरत नाही, अशी ओरड. येथे एक फसगत लक्षात घ्या. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून ४० एमबीपीएसच्या लाईनवर सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट उतरतात. कंपनीने फसवले असे म्हणण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

आता घागर पाहू. फळ्यावरचे लिहिणे नीट दिसेल असा ४८० दर्जाचा व्हिडिओ साधारण १.१ एमबीपीएस घेतो. ७२० चा अडीच घेतो, १०८० चा पाच घेतो. आठ जण एकाच वेळी ४८० वर तास पाहत असतील तर सगळ्यांचे मिळून ९ एमबीपीएसच्या आत भागते. म्हणजे ४० च्या लाईनवर ३१ शिल्लक राहतात. तेच आठ जण १०८० वर गेले की आठ पंचे चाळीस, सगळी धार संपली, आणि एखाद्याचा फोन वाजला तरी चक्र फिरणार. सहा इंची मोबाईलवर सरांचा चेहरा किती स्वच्छ दिसतो याने मार्क वाढत नाहीत. समीकरण वाचता आले म्हणजे झाले. व्हिडिओचा दर्जा 'ऑटो'वर न ठेवता हाताने ४८० वर ठेवणे, हा फुकटातला पहिला उपाय आहे. त्याने तासाला सुमारे अर्धा जीबीच खर्च होतो, त्यामुळे ज्या योजनेत ठरावीक मर्यादेनंतर वेग उतरवतात तिथे महिनाअखेरही गाडी चालू राहते.

या हिशेबावरून एक गोष्ट ठरते. बहुतेक रूमवर धार कमी नसते, वाटणी बिघडलेली असते. पण ते गृहीत धरू नये, तपासावे. तपासणी तीन वेळा करायची. पहिली, पहाटे सगळे झोपले असताना राउटरच्या शेजारी उभे राहून वेग मोजायचा. दुसरी, त्याच वेळी आपल्या खोलीत, जिथे आपण अभ्यासाला बसतो तिथे. तिसरी, रात्री नऊला पुन्हा राउटरच्या शेजारी, पण या वेळी बाकीच्यांचे वायफाय पाच मिनिटे बंद ठेवायला सांगून. पहाटे राउटरजवळही वेग कमी असेल तर दोष लाईनचा किंवा योजनेचा आहे, कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा नंबर घ्या. राउटरजवळ चांगला आणि खोलीत वाईट असेल तर दोष वायफायच्या रेंजचा आहे. पहाटे चांगला पण रात्री सगळे बंद असतानाही वाईट, तर गल्लीतली किंवा कंपनीच्या लाईनवरची गर्दी समजावी. आणि सगळे बंद केले की चांगला, चालू केले की वाईट, असे असेल तर दोष रूममधल्या रांगेचा आहे, म्हणजेच आपला आहे. तपासणी न करता भांडणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे.

वायफायच्या रेंजबद्दल आणखी थोडे. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली लांब जाते, भिंत ओलांडते, पण तिच्यावर शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी असते. तिच्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच धरले जातात, १, ६ आणि ११ क्रमांकाचे. ट्यूशन एरियातल्या एका इमारतीत दहा राउटर असले की काय होणार ते उघड आहे. दुसरी पट्टी वेगवान आणि मोकळी, पण भिंतीला लवकर हार जाते. म्हणून राउटरच्या खोलीत बसणाऱ्यांनी ५ ची पट्टी घ्यावी आणि २.४ ची लांबच्या खोल्यांसाठी सोडावी. राउटर लोखंडी कपाटामागे, पाण्याच्या टाकीजवळ किंवा जिन्याखालच्या कोपऱ्यात ठेवू नये. लोखंड आणि पाणी दोन्ही लहरींना अडवतात. मजल्याच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघड्या जागी ठेवावा. जुन्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती असतील तर वायफायच्या भरवशावर न राहता तार ओढून घ्यावी. दहा-पंधरा मीटर केबल ही काही मोठ्या खर्चाची बाब नाही.

येथे एक गंमत आहे, आणि ती आम्हाला फार मोलाची वाटते. वायफायच्या एका मार्गावर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, बाकीच्यांनी ऐकायचे. बोलण्याआधी हवा मोकळी आहे का ते ऐकायचे, दोघे एकदम बोलले तर थोडे थांबून पुन्हा बोलायचे. एकाच रेडिओ मार्गावर अनेकांनी पाळीने बोलण्याचा हा प्रयोग १९७१ साली हवाई विद्यापीठात सुरू झाला, त्याचे नाव अलोहानेट. आता ज्याचा मोबाईल लांबच्या कोपऱ्यात आहे, त्याला रेंज कमी, म्हणून तो हळूहळू बोलतो. जे काम जवळचा एका क्षणात करतो त्याला तो दहा क्षण घेतो, आणि तोवर बाकीचे सगळे गप्प बसून राहतात. म्हणजे कोपऱ्यातल्या एकाची अडचण ही आठही जणांची अडचण होते. त्याला "तुझ्याकडे रेंजच नाही, आम्ही काय करू" म्हणून सोडून दिले तर सगळेच मागे राहतात. त्याला राउटरजवळ जागा दिली किंवा त्याच्या खोलीपर्यंत तार नेली, तर सगळ्यांचा वेग वाढतो. मागे राहिलेल्याला पुढे आणल्याने सर्वांचे भले होते, हे येथे रेडिओ-शास्त्रही सांगते.

आता रांगेकडे येऊ. समजा एका मुलाने घरच्या कार्यक्रमाचे दोनशे फोटो काढले. त्याच्या मोबाईलमध्ये अशी सोय लावलेली असते की वायफाय मिळाले रे मिळाले की सगळे फोटो आपोआप वर चढवायचे. तो बिचारा पुस्तक वाचत बसलेला असतो, त्याला पत्ताही नसतो. इकडे राउटरच्या तोंडाशी त्या फोटोंचा ढीग साचतो. दुसऱ्या मुलाच्या टेस्टचे एका प्रश्नाचे उत्तर, जेमतेम पोस्टकार्डाएवढे, त्या ढिगामागे उभे राहते. नळावर कुणीतरी दोनशे लिटरची टाकी लावून निघून जावे आणि मागे तांब्या घेऊन आलेल्या तहानलेल्याने उभे राहावे, तसा हा प्रकार. वेग मोजला तर चांगला दिसतो, पण प्रत्येक गोष्ट उशिरा पोहोचते. या रोगावर अभ्यासकांनी औषधही काढले आहे. छोट्या घागरींना वेगळी रांग देणारी आणि ढीग साचू न देणारी 'एफक्यू-कोडेल' नावाची रीत जानेवारी २०१८ मध्ये इंटरनेटच्या मानकांच्या कागदपत्रांत आरएफसी ८२९० या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. काही राउटरांत ती किंवा 'बँडविड्थ कंट्रोल' नावाची सोय असते. तिथे एकूण मर्यादा लाईनच्या प्रत्यक्ष वेगाच्या जरा खाली, म्हणजे ४० च्या लाईनला ३५ च्या आसपास ठेवली की ढीग साचत नाही. सोय नसेल तर हाताने करावे. फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट आणि लॅपटॉपमधल्या विंडोजचे अपडेट, ही चारही कामे रात्री सात ते अकरा बंद ठेवायची. लॅपटॉपमध्ये वायफायच्या कनेक्शनला 'मीटर्ड' अशी खूण केली की विंडोजची बरीचशी मोठी अपडेट थांबून राहतात.

काही जण म्हणतील, यंत्र आपले आपण सारखे वाटून देत नाही का? देते, पण त्याची समानता वेगळी आहे. यंत्र माणसे मोजत नाही, जोडण्या मोजते. समजा तुम्ही एक जोडणी उघडून तास पाहत आहात आणि शेजारच्याने सिनेमा उतरवण्यासाठी आठ जोडण्या उघडणारे सॉफ्टवेअर लावले आहे. गर्दीच्या वेळी एकूण नऊ वाटे होतात, त्यांतले आठ त्याचे आणि एक तुमचा. नियम सर्वांना सारखाच लागू केला, तरी न्याय मात्र झाला नाही. ज्याला जास्त हात त्याला जास्त घास. कागदावरची समानता आणि ताटातली समानता यांतला फरक आमच्या वाचकांना निराळा समजावून सांगायला नको. म्हणून माणसांचा न्याय माणसांनीच करावा लागतो, तो राउटरवर सोडता येत नाही.

वाटून न घेतल्याने काय होते, याचा इंटरनेटच्या इतिहासातही दाखला आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यामधली लाईन तुंबली. अंतर केवढे, तर ४०० यार्ड. वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. कारण असे की उत्तर आले नाही म्हणून प्रत्येक संगणक तोच निरोप पुन्हापुन्हा पाठवत राहिला आणि गर्दीत गर्दी वाढत गेली. व्हॅन जेकबसन या अभ्यासकाने १९८८ साली त्यावरचा उपाय मांडला. त्याचे सार असे, की वाट मोकळी असेल तर हळूहळू वेग वाढवा आणि गर्दीची खूण दिसताच आपला वेग निम्मा करा. प्रत्येकाने आपणहून हात आखडता घ्यायचा. तारा होत्या तेवढ्याच राहिल्या, चालण्याची रीत बदलली आणि इंटरनेट पुन्हा वाहू लागले. आपले पान उघडत नाही म्हणून दहा वेळा रिफ्रेशचे बटण दाबणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. तोही त्या तुंबलेल्या वाटेवर आणखी एक गाडी घालत असतो.

यापुढचा उपाय वेळेचा. परळच्या चाळीत एका खोलीत सगळे कुटुंब राहत असताना रामजीबाबा भीमरावांना लवकर झोपवत आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवत, हे आमच्या घराघरांत सांगितले जाते. त्याचे कारण काय होते? दिवसा त्या खोलीत गलका, माणसांची ये-जा, धूर. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून बापाने वेळ वाटून घेतली. रात्री दोनला उठा असे आम्ही कुणाला सांगणार नाही, झोपही अभ्यासाइतकीच गरजेची आहे. पण पहाटे पाच ते सात लाईन ओस पडलेली असते, हे तर खरे. तेव्हा उठून दिवसभराचे तास मोबाईलमध्ये उतरवून ठेवले तर रात्री नेटची गरजच निम्मी होते. यूट्यूबवर अनेक व्हिडिओ ऑफलाईन साठवण्याची सोय २०१४ पासून आपल्या देशात आहे. बऱ्याच क्लासच्या अ‍ॅपमध्येही ती असते. एनसीईआरटीची पुस्तके फुकट उतरवता येतात. दोघांना एकच तास पाहायचा असेल तर एकाच पडद्यावर पाहावा. वाटून घेतलेल्या तासावर मागाहून चर्चा होते, हा वरचा नफा. आणि अर्जाचे काम शेवटच्या तारखेला कधीही ठेवू नये. त्या दिवशी पोर्टलवरच सगळ्या महाराष्ट्राची झुंबड असते, तिथे तुमच्या राउटरचा काही इलाज चालत नाही.

या सगळ्यावरून रूमसाठी पाच नियम निघतात. ते वहीच्या कागदावर लिहून राउटरच्या वर चिकटवावेत.

१. ज्याची परीक्षा किंवा टेस्ट चालू आहे त्याचा हक्क पहिला. त्याने आदल्या दिवशी सांगावे, बाकीच्यांनी तेवढा वेळ व्हिडिओ बंद ठेवावेत.

२. रात्री सात ते अकरा अभ्यासाची वेळ. या वेळेत व्हिडिओ ४८० वर आणि बॅकअप, अपडेट, सिनेमे, गेम बंद.

३. घरचा फोन कुणाचाही अडवू नये. गर्दी असेल तर व्हिडिओऐवजी आवाजाचा कॉल करावा, त्याला फार थोडे नेट लागते.

४. पासवर्ड बाहेरच्यांना देऊ नये. दर दोन महिन्यांनी सर्वांच्या समोर बदलावा, कुणा एकाने गुपचूप नव्हे.

५. महिन्याचा हिशेब लिहून ठेवावा. भांडण झाले तर आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसून बोलावे.

हिशेबाविषयी जरा स्पष्ट बोलतो. समजा ५०० रुपयांची योजना आहे, १८ टक्के जीएसटी धरून ५९० होतात. आठ जणांत प्रत्येकी ७४ रुपये पडले. एखाद्याला वाटेल, चहाच्या पैशात येते. पण ज्याची माय दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढायला जाते, त्याच्या घरी ७४ रुपयेही मोजून दिलेले असतात. एखाद्या महिन्यात त्याचे पैसे उशिरा आले तर त्याला पासवर्डातून वगळू नये. पुढच्या महिन्यात तो देईल, किंवा पहाटे उठून सगळ्यांसाठी तास उतरवून ठेवण्याचे काम घेईल. उलट जो गेम आणि सिनेमासाठी जास्त वापर करतो त्याने आपल्या मोबाईलचा रिचार्ज त्यासाठी वापरावा. कनेक्शन ज्याच्या नावावर असेल त्याची जबाबदारीही ध्यानात ठेवावी. त्या लाईनवरून कुणी काही गैर केले तर चौकशीला पहिले बोलावणे त्यालाच येते. म्हणून अनोळखी माणसाला 'जरा वायफाय दे' म्हटले म्हणून देऊ नये.

मुलींच्या रूमचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. मुलगा नेट नाही म्हणून रात्री अभ्यासिकेत जाऊ शकतो, मित्राच्या रूमवर जाऊ शकतो. मुलीला अंधार पडल्यावर बाहेर पडता येत नाही, हॉस्टेलचे फाटक बंद होते. तिच्यासाठी रूमवरचे नेट हीच अभ्यासिका आहे. काही ठिकाणी शिस्तीच्या नावाखाली मुलींचे मोबाईल संध्याकाळी काढून घेतात. केरळमध्ये एका कॉलेजच्या हॉस्टेलने संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईलबंदी केली होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला हॉस्टेलमधून काढले. ती हायकोर्टात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ हायकोर्टाने निकाल दिला की इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत घेण्यास सांगितले. एका विद्यार्थिनीने घटनेचे २१ वे कलम हातात घेऊन हे मिळवले. आमच्या मुलींनी हा निकाल माहीत करून घ्यावा, आणि पालकांनी "मुलीला नेट कशाला" हे वाक्य तोंडातून काढू नये.

विजेचीही एक अडचण आहे. लाईट गेली की राउटर मरतो, लाईन चांगली असूनही नेट बंद. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि वीज अगदी थोडी घेतात. त्यांच्यासाठी लहान यूपीएस बाजारात मिळतो, तो राउटर काही तास जिवंत ठेवतो. विकत घेण्याआधी आपल्या राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिले आहे ते पाहावे. आठ जणांनी एकदाच वर्गणी काढली तर परीक्षेच्या दिवसांत धावाधाव होत नाही. तरीही टेस्टच्या दिवशी मोबाईलमध्ये थोडा डेटा राखून ठेवावा, अडल्या वेळी हॉटस्पॉट कामाला येतो.

शेवटी गावाकडच्या माय-बापांसाठी दोन शब्द. लेकरू फोनवर म्हणते, "माय, इथं नेट चालत नाही, अभ्यास होत नाही." तेव्हा लगेच जास्त पैशाची रूम पाहू नका आणि लगेच "तुलाच अभ्यास नको" असेही म्हणू नका. त्याला विचारा, बाळा, किती जण आहात, कुठल्या वेळी चालत नाही, राउटर कुठे आहे, तुम्ही एकत्र बसून बोललात का? तुम्हाला यंत्रातले कळत नसेल, पण पाण्याची पाळी कळते, नळावरचा न्याय कळतो. तेवढे ज्ञान पुरेसे आहे. रूम पाहायला जाल तेव्हा मालकाला वायफाय आहे का एवढेच विचारू नका. किती वेगाचे, किती जणांत आणि लाईट गेल्यावर काय, हे तीन प्रश्न विचारा. रूमचा व्यवहार ठरवण्याआधी लेकराला त्या खोलीत उभे करून वेग मोजायला सांगा.

चार गावची चार लेकरे एका खोलीत राहतात, तेव्हा ती फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर आणखी एक विषय शिकत असतात, त्याची परीक्षा कुठल्याच बोर्डात होत नाही. आपला वाटा मागताना दुसऱ्याचा वाटा नजरेआड न करणे, हा तो विषय. उद्या यांच्यातलेच कोणी डॉक्टर होईल, कोणी अधिकारी होईल, कोणी गावच्या पाण्याची, धान्याची, निधीची वाटणी करायला बसेल. आज जो राउटरवर आठ जणांची पाळी नीट लावील, त्याच्या हातात उद्या मोठी वाटणी द्यायला आम्हाला भीती वाटणार नाही.